पंख्याची खांदमळणी

सुकदेव आबांना कोणी ‘ऑइलमन’ म्हटलेलं खपत नसे. पारोळ्याबाहेरच्या त्या जिनिंगमध्ये त्यांचा हुद्दा तोच होता, पण हुद्द्याचं कोणाला पडलंय. “मी काय तेल इकस का रे?” असं म्हणून ते समोरच्याला गप्प करायचे. कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे, रुईच्या गाठी बांधणारा प्रेस, पट्ट्यांच्या पुल्या, जे जे म्हणून फिरतं त्याला वंगण घालणं हे त्यांचं काम. एका हातात ग्रीस गन, खांद्यावर कळकट फडकं आणि गालात तंबाखूची गोळी. जिनिंगमधल्या निम्म्या लोकांनी त्यांना फडक्याशिवाय कधी पाहिलेलंच नव्हतं. पोराच्या लग्नात आबा फेटा बांधून उभे होते, तर जिनिंगचे मालक हेमराजशेठ त्यांच्याच पुढ्यात येऊन ‘सुकदेव कुठे आहे’ म्हणून विचारून गेले असं लोक सांगत. त्यात खरं किती ते देव जाणे.

आबा शेतकऱ्याच्या घरचे. बाप गेला, वाटण्या झाल्या, बैलजोडी विकली गेली आणि आबा जिनिंगला लागले. बैल गेले पण बैलांची सवय काही गेली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्याला हळद नि तूप चोळायचं, कानाशी जाऊन दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. आबांनी ही खांदमळणी मशिनांना लावली. खंडेनवमीच्या दिवशी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ते सगळ्या जिनिंगमध्ये फिरत. प्रत्येक बेअरिंगला गन लावायची आणि कडेच्या फटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. “पोट भरनं का जनावर ढेकर देस,” ते म्हणत. मग फडक्याने पुसायचं, कुंकवाचं बोट टेकवायचं, झेंडूचं फूल ठेवायचं आणि पुढच्या मशिनीकडे जायचं. शेवटी शेठकडून सगळ्यांना पेढे. या सोहळ्याला कामगारांच्या बाया पोरंबाळं घेऊन यायच्या, इतकं त्याचं कौतुक होतं.

आणि आबांचं चुकत नव्हतं, हेही इथेच सांगितलेलं बरं. पुढे जे झालं ते ऐकून लोक फटकन म्हणून मोकळे होतात, अडाणी म्हातारा. रेचे संथ फिरतात, ओझं जड ओढतात आणि चहूकडे कापसाची लव नि धूळ उडत असते. अशा बेअरिंगचं पोट भरलेलं असलं की जास्तीचं ग्रीस आपोआप बाहेर येतं आणि येताना धुळीला दारातच अडवतं. आबांच्या अख्ख्या नोकरीत एक बेअरिंग जळाली नव्हती. आजूबाजूच्या जिनिंगचे मालक त्यांना चहाला बोलावून न्यायचे, ते उगाच नाही.

घरी आता आबा, मुलगा दीपक आणि सून दिपमाला. आबांची बायको करोनात गेली. दीपकने धुळ्याला आयटीआय केलं आणि त्याच जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागला. बाप-लेक दुपारी कडुलिंबाखाली एकाच डब्यात जेवत. कळण्याची भाकरी, ठेचा, असली तर वांग्याची भाजी. दीपक मोठ्या आवाजात बोलणारा नव्हता, आणि बापासमोर तर नव्हताच. आबा गावभर सांगत फिरायचे की पोरगं माझ्याहून हुशार निघालं. पण हे सांगणं वेगळं आणि ते मानणं वेगळं, हे त्यांना स्वतःलाही त्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

त्या पावसाळ्यात हेमराजशेठनी गुजरातेतून नवा पंखा आणला. पंखा म्हणजे घरात फिरतो तो नव्हे. लोखंडी डबड्यात कोंडलेला, माणसाच्या उंचीचा, एका टोकाने कापूस ओढून घेणारा आणि पाइपातून रेच्यांपर्यंत उडवून देणारा. आधी हे काम बाया डोक्यावर पाट्या वाहून करायच्या. पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घ्यायचा. त्याच्यापुढे रेचा म्हणजे बैलगाडी. बसवायला कंपनीचा माणूस आला होता, त्याने दीपकला दोन दिवस सगळं समजावून सांगितलं आणि तो गेला. उरलेला पावसाळाभर पंखा तसाच झाकून पडून राहिला.

“आबा,” एकदा जेवताना दीपक म्हणाला, “या पंख्याले तुम्ही हात नका लावू. त्यानं मी देखसू.”

“कसाले? माले ग्रीस देता येस नही का?”

“तसं नही, आबा. हाई गरगर फिरस. बेअरिंगना पोटमा तिसरा हिस्सा ग्रीस पाहिजे, बाकी खाली पाहिजे. जास्त भरं तं गोळ्या ग्रीसमा घुसळात ऱ्हातीस.” दीपकने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “आपली काळी जमीन शे ना, पाणी पडल्यावर? चिखलमा चालता येस. पण चिखलमा कोणी पळाले लावं तं माणूस तापी जाई का नही?”

उदाहरण आबांना कळलं. काळ्या रानातला चिखल त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण शेजारच्या झाडाखाली जीवराम बसला होता. पाइपाच्या तोंडाशी अडकलेला कापूस सोडवायला शेठनी त्यालाच नेमला होता. जीवरामला जिथे बोलू नये तिथे बोलायची खोड. तो म्हणाला, “आबा, तुमनी पेन्शन चालू व्हयनी आते.” सगळे हसले. दीपकही थोडा हसला. आबाही हसले, आणि उरलेली भाकरी त्यांनी डब्यात परत ठेवली.

नवमीच्या दिवशी दीपक सोनगीरला गेला होता. दिपमाला माहेरी होती, तिला दसऱ्याच्या आत घरी आणायचं होतं. आबांनी नेहमीप्रमाणे अंघोळ करून धुतलेलं फडकं खांद्यावर घेतलं आणि एका टोकापासून खांदमळणी सुरू केली. बाया-पोरं मागून येत होती. रेचे झाले, पुल्या झाल्या, प्रेस झाला. पेढे वाटले गेले, माणसं पांगली. तेव्हा आबा एकटेच मागच्या खोलीत पंख्यापाशी गेले.

ते फक्त कुंकू लावायला गेले होते. खरंच तेवढ्यासाठीच. पण लावून झाल्यावर पाय निघेना. नवंकोरं जनावर, पहिलाच सण, आणि सगळ्या दावणीला पुरणपोळी घालून ह्याला एकट्याला उपाशी ठेवायचं? पंगतीतून एक माणूस भुकेला उठला तर घराला बरं नसतं, हे त्यांच्या आईचं बोलणं होतं. त्यात जीवरामचं ते पेन्शनचं वाक्य अजून आत कुठेतरी सलत होतं. आबांनी गन लावली. थोडंच, म्हणून एकदा दाबली, मग दोनदा. बेअरिंगच्या पेटीच्या खाली एक भोक उघडं दिसलं, तिथून ग्रीसची वेटोळी बाहेर पडायला लागली. भोकाचा बोल्ट बाजूलाच फडक्यात बांधून लटकवलेला होता. जास्तीचं ग्रीस निघून जावं म्हणून दीपकने तो मुद्दाम काढून ठेवला होता. आबांना वाटलं, पोरगं विसरलं. धूळ जाईल की आत. त्यांनी बोल्ट घट्ट बसवला आणि हाताला उलटा दाब येईपर्यंत गन मारत राहिले.

ढेकर काही आली नाही. ह्या बेअरिंगच्या कडेला फटच नव्हती, चांगलं रबरी सील होतं. आबांनी सगळं लख्ख पुसून काढलं, सांडलेलं वेटोळंसुद्धा उचललं. पुसताना आपण एवढं का पुसतोय हे त्यांच्या मनात आलं होतं. पण झेंडूचं फूल ठेवून ते घरी गेले.

दसऱ्याला मुहूर्ताचा कापूस आला. शेठनी नारळ फोडला, पंखा घटकाभर फिरवून बंद केला. काही झालं नाही. आबांना मनातून बरं वाटलं, इतकंच नव्हे तर जरा फुशारकीही वाटली. तिसरा हिस्सा म्हणे. पोट भरून दिलं तरी बघा कसं गरीब गाईसारखं चाललंय. पोराला पुढेमागे गमतीत सांगू, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या आठवड्यात कापसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत लागली आणि त्या दिवशी पंखा सकाळपासून पहिल्यांदाच सलग चालला. दोन-अडीच तासांनी दीपकने बेअरिंगच्या पेटीला तळवा लावला आणि लगेच काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा काढला. फिटर लोकांचं हे रोजचं मोजमाप. हात जितका वेळ टिकतो तितकी बेअरिंग धड. ह्या पेटीवर हात टिकतच नव्हता.

दीपक तसाच बाहेर ओट्यावर आला. तिथे हेमराजशेठ खुर्ची टाकून बसले होते, दोन गाडीवाले होते, जीवराम पाणी प्यायला आला होता, कापूस निवडणाऱ्या बाया होत्या. पट्टा पुलीवरून घसरू नये म्हणून आबा त्याला राळ लावत होते.

“आबा,” दीपक म्हणाला, “तुम्ही पंख्याले ग्रीस दिन्हं का? दिन्हं व्हई तं सांगा. मी काही बोलणार नही.”

आवाज साधाच होता. पण इतक्या माणसांत पोटच्या पोराने बापाला असं विचारावं, आणि शेठनी वर्तमानपत्र खाली करून बघावं, आणि जीवरामने तोंडाशी नेलेला तांब्या तसाच धरून ठेवावा! आबांच्या कानशिलांत रक्त चढलं. हो म्हणायला जीभ उचलली सुद्धा होती. तिथून ती कशी वळली ते त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही.

“मी हात बी लावा नही,” आबा म्हणाले.

दीपकने मान डोलावली आणि तो माघारी वळला. बापाने त्याला आजवर कधी खोटं सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आता गोम अशी की बेअरिंग दोन कारणांनी तापते. उपाशी असली तर तापते आणि फार खाल्लं तरी तापते, आणि हाताला दोन्ही ताप सारखेच लागतात. डॉक्टरने रोग्याला विचारावं, काल काय खाल्लंस, तसं फिटरला आधी विचारावं लागतं की ह्यात कोणी काय घातलं. दीपकने विचारलं होतं. उत्तर मिळालं होतं. मग त्याने सरळ हिशेब केला. पंखा पावसाळाभर पडून होता, कंपनीने भरलेलं ग्रीस वाळलं असणार, बेअरिंग कोरडी फिरतेय. खालचा बोल्ट बसवलेला त्याच्या नजरेस आला नसेल का? आला असेल तर तो आपणच मुहूर्ताच्या गडबडीत लावला असं त्याला वाटलं असेल. पंखा थांबवून पेटी उघडावी असंही त्याच्या मनात होतं. शेठना त्याने विचारलं. शेठ म्हणाले, “तुला बंद करावासा वाटत असेल तर कर, पण गाड्या बघ किती उभ्या आहेत.” शेठ काही वाईट माणूस नव्हता. असं बोलणारी माणसं वाईट नसतात, एवढंच. दीपकने पंखा चालूच ठेवला आणि गन आणली.

थोड्या वेळाने जीवराम रेच्यांच्या खोलीत आबांकडे आला.

“आबा, तुमना ग्रीसना डबा द्या. दीपकभाऊ मांगी ऱ्हायना. त्यानी गन खाली व्हयनी.”

“कसाले पाहिजे?”

“पंख्याले. कोल्ली पडनी म्हणे बेअरिंग. ग्रीस दिन्हं तं आवाज जरा कमी व्हयना, आखो देस म्हणे.”

रेच्यांचा एवढा गोंगाट चालला होता, तरी आबांना वाटलं, सगळं एकदम थांबलं. त्यांना सगळं समजलं. चिखल, त्यात पळणारा माणूस, आणि वरून आणखी चिखल. आता सांगायला पाहिजे. आत्ता. पण आत्ता जायचं म्हणजे पुन्हा त्या ओट्यावरून, शेठच्या पुढून, ह्या जीवरामच्या देखत जायचं आणि म्हणायचं, मघाशी खोटं बोललो. जेवणाची सुट्टी व्हायला आलीच होती. लिंबाखाली डबा उघडला की पोराला हळूच सांगू, तो तोंडातल्या तोंडात हसेल आणि खालचा बोल्ट उघडून टाकेल. तेवढ्या वेळात असं काय जळतंय? आजवर एक बेअरिंग जळाली नाही.

जीवराम हात पुढे करून उभा होता. आबांनी डबा उचलून त्याच्या हातात दिला.

झालं ते फार झटकन झालं. आतल्या ग्रीसचं तापून पाणी झालं आणि ते सील फोडून दांड्यावरून पंख्याच्या पोटात गेलं. आतल्या गोळ्या कोरड्या पडल्या आणि अडकल्या. दांडा तिरपा झाला. पातं लोखंडाला घासलं, ठिणग्या उडाल्या, आणि तिथे ठिणग्यांची वाट बघत गाडीभर कापूस होता. पाइपातून आग अशी धावली की रेच्यांच्या खोलीत आबांना आधी आवाज आला आणि मग पाइपाचं तोंड लाल दिसलं. बाया किंचाळत बाहेर पळाल्या. जीवराम पाइपाच्या तोंडाशी कोपऱ्यात अडकला होता. दीपक बाहेर पडला होता, लोकांनी पाहिलं, आणि मग जीवरामला आणायला तो पुन्हा आत गेला.

जीवराम निघाला नाही. दीपक निघाला, पण कसा निघाला ते न सांगितलेलं बरं. आबा त्याच्याकडे धावले आणि त्याला कुठे धरावं हे त्यांना कळेना. धरण्याजोगी जागाच राहिली नव्हती. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी त्याच्यावर घालायला घेतलं, तर कोणीतरी ओरडलं, त्याला ग्रीस आहे, ते नका घालू.

गाडी धुळ्याकडे निघाली. मुकटी गेलं, फागणं गेलं. दीपक शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. आबा पायाशी बसून होते. वाटेत त्यांनी कितीतरी देवांना काय काय कबूल केलं, पण जे पोराला कबूल करायचं ते तोंडातून निघालं नाही.

भाजलेल्या माणसाचं एक वाईट असतं. पहिले दोन-तीन दिवस तो स्वच्छ बोलतो, आणि घरच्यांना वाटतं, वाचला. मोठ्या डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आशा ठेवू नका. आबांनी दिपमालाला ते सांगितलं नाही. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायची आणि आत सोडलं की पांढऱ्या पट्ट्यांशेजारी उभी राहून घरच्या गोष्टी सांगायची. शेळीला पिल्लू झालं. शेजारची बाई रोज दिवा लावते.

पारोळ्यात तोवर बोलणं सुरू झालं होतं. दीपकने चालू पंख्यात डबाभर ग्रीस कोंबलं, असं जो तो म्हणत होता; डबा आत जाताना ओट्यावरच्या सगळ्यांनी पाहिला होता. जीवरामची बायको दवाखान्यात आली, दिपमालासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “तुना नवरानी मना घरधनी जाळा.” दिपमालाने खाली मान घालून ऐकून घेतलं. आबा पलीकडच्या बाकावर होते. त्यांनीही ऐकलं.

हेमराजशेठ आले. त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला. “सुकदेव, काळजी करू नकोस. पंचनाम्यात शॉर्ट सर्किट लिहिलंय. दीपकवर कसलाही बोल येणार नाही.” आबांनी हात जोडले. शॉर्ट सर्किट. बरं झालं. कोणावरच नाही. जित्या माणसाला एवढी सोपी वाट मिळाली तर तो ती कशाला सोडेल? आबांनी त्या दुपारी पहिल्यांदा दोन घास खाल्ले.

पण दीपक मशीनवाला होता. त्याचं डोकं त्या पेटीपाशीच अडकलं होतं. त्या संध्याकाळी आबा आत गेले तेव्हा तो छताकडे बघत होता.

“जीवराम गया ना, आबा?”

आबांनी पाण्याचा पेला पुढे केला.

“माले माहीत शे. नर्स बोलनी.” त्याला दम लागत होता. “मी सारखा तोच इचार करी ऱ्हायनू. बेअरिंग कोल्ली व्हती. ग्रीस दिन्हं. मंग थंडी व्हवाले पाहिजे व्हती ना? आखो काबर तापनी? मना काय चुकनं?”

“नको बोलू, भो. पडी ऱ्हाय.”

“मना हातखाल माणूस मरी गया, आबा. त्याना पोऱ्या बारका शेतस. मना काय चुकनं तेवढं तरी कळू द्या.”

आबांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. लोक म्हणतात, मरणाऱ्याला गोड बोलून पाठवावं, आणि आबांचंही तेच मन होतं. शॉर्ट सर्किट होतं म्हणावं, वीज कोणाच्या हातातली नसते म्हणावं. पण पोरगं छताकडे बघत स्वतःलाच उलटतपासत होतं, आणि ज्याच्यापाशी उत्तर होतं तो बाप पायाशी बसून त्याला झोप म्हणत होता. हे आबांना असह्य झालं. भीतीपेक्षाही असह्य झालं, म्हणून ते बोलले.

“कोल्ली नव्हती,” ते म्हणाले. “नवमीले मी भरी दिन्हती. गच्च. खालना बोल्ट बी मीच लावा. तुनं काही चुकनं नही.”

दीपकने डोळे हलवून त्यांच्याकडे पाहिलं. पट्ट्यांतून तेवढेच दिसत होते. आबांना वाटलं, आता तो शिव्या देईल, आणि द्याव्यात असं त्यांना वाटत होतं. दीपकने शिव्या दिल्या नाहीत. तो त्या बेअरिंगचाच विचार करत असावा. आता त्याला सगळं जुळलं होतं. आवाज का कमी झाला, आणि मग का वाढला.

“मी तुम्हले इचारं व्हतं,” तो म्हणाला.

“हो.”

“तवा सांगतात तं पंखा बंद करतू. बोल्ट खोलतू, ग्रीस काढी टाकतू.” तो थांबला. श्वास पुन्हा लागला तेव्हा म्हणाला, “अर्धा तासनं काम व्हतं, आबा.”

एवढं म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. आबा वाट बघत बसले. आणखी काही तो बोलला नाही, आबांशी नाही आणि नंतर आत आलेल्या दिपमालाशीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

दवाखान्याच्या आवारात, शववाहिनीची वाट बघत, सगळे बसले होते. पारोळ्याहून बरीच माणसं आली होती. हेमराजशेठ होते, जिनिंगमधले होते, आणि जीवरामचा भाऊ भटूही आला होता. तो जरा लांब भिंतीला टेकून उभा होता. दिपमाला आबांशेजारी जमिनीवर बसली होती. तिने आबांचा हात आपल्या हातात धरला होता, कारण त्या घरात आता ती दोघंच उरली होती आणि म्हाताऱ्याचं कसं होईल ही चिंता तिला होती.

“आबा,” ती म्हणाली, “मनासंगे ते बोलनातच नहीत. तुमनासंगे शेवटला काय बोलनात?”

माणसांनी माना वळवल्या. अशा वेळी शेवटचा शब्द काय होता ते सगळ्यांनाच ऐकायचं असतं. पोराच्या तोंडी काहीही घालता आलं असतं. दिपमालाला सांभाळा म्हणाला, असं म्हटलं असतं तर तिला तो जन्मभराचा आधार झाला असता. आबांच्या ओठांवर ते वाक्य आलंही. ओट्यावर जसं आलं होतं अगदी तसंच, सोपं, तयार.

“अर्धा तासनं काम व्हतं, म्हणे,” आबा म्हणाले.

“कसं काम?”

आबांनी खांद्यावर हात नेला, फडकं तिथे नव्हतं. मग ते नवमीपासून सांगायला लागले. खांदमळणी सांगितली, कुंकू सांगितलं, फडक्यात बांधलेला बोल्ट सांगितला. ओट्यावर पोराने काय विचारलं आणि आपण काय बोललो ते जसंच्या तसं सांगितलं. शेठनी मध्येच ‘सुकदेव, आता हे कशाला’ म्हणून पाहिलं, पण आबा थांबले नाहीत. भटू भिंतीपासून पुढे आला होता. जीवराम ग्रीसचा डबा मागायला आला आणि तो आपण उचलून त्याच्या हातात दिला, इथवर सांगणं आलं तेव्हा दिपमालाने आबांचा हात सोडला. ती उठली, पदर सावरला आणि आवारापलीकडे बायांमध्ये जाऊन पाठ करून बसली.

आबांचा हात तसाच उघडा राहिला. सांगायचं अजून थोडं उरलं होतं, ते त्यांनी भटूकडे बघून पुरं केलं.